सायकलच्या मीटरने सूत, लोकर आणि सुंभ मोजण्याची रीत

कोकणात विणकामाची लोकर, क्रोशाचा दोरा, जाळ्याचे नायलॉनचे सूत आणि काथ्याचा सुंभ या साऱ्या वस्तू बहुधा वजनावर घेतल्या जातात, पण त्या वापरताना प्रश्न नेहमी लांबीचा असतो. तोरण विणणाऱ्या बाईंना उरलेल्या गुंड्यात आणखी एक ओळ निघेल की नाही हे पाहायचे असते, मासेमारीबंदीच्या जून-जुलैत जाळी दुरुस्त करणाऱ्याला रिळात किती दोरा शिल्लक आहे हे हवे असते, आणि बाज विणणाऱ्याला मध्ये गाठ नसलेला अखंड सुंभ लागतो. वजनावरून लांबी काढता येते, पण आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत तो मार्ग फारसा विश्वासाचा नाही. वस्त्रोद्योगात कापसाच्या सुतात कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के ओलावा गृहीत धरतात. पावसाळ्यात रत्नागिरी, देवगड, मालवणकडे हवा दिवसचे दिवस ओथंबलेली असते, तेव्हा तेच सूत त्याहून बराच अधिक ओलावा धरते, आणि मे महिन्यात मांडलेला हिशेब जुलैत जुळत नाही. ओलाव्याने लांबीतही थोडा फरक पडतो, विशेषतः पीळ घातलेल्या जाड दोरांत. साध्या सुतात मात्र तो वजनातल्या फरकापुढे किरकोळ असतो. म्हणून लांबी हवी असेल तर सरळ लांबीच मोजावी. त्यासाठी सायकलच्या हँडलला लावतात तो छोटा डिजिटल मीटर, एक बेअरिंगवर फिरणारे लाकडी चाक आणि एक फळी एवढे साहित्य पुरते.

दोर मोजण्याची यांत्रिक काउंटर असलेली यंत्रे बाजारात असतात, पण त्यांतली बरीचशी तारा, केबल आणि जाड दोर यांच्यासाठी केलेली असतात. बारीक क्रोशाच्या दोऱ्याला ते दातेरी काउंटर फिरवणेच जड जाते आणि दोरा चाकावरून घसरतो. सायकलच्या मीटरात चाकाला कोणताही यांत्रिक भार नसतो. चुंबक नुसता जवळून जातो आणि आकडा वाढतो. या कामासाठी मला तो म्हणूनच इतका योग्य वाटतो.

मीटर नेमके काय मोजतो

सायकलच्या पुढच्या चाकाच्या एका तारेला चुंबक बसवलेला असतो आणि फोर्कला सेन्सर. त्या सेन्सरमध्ये काचेच्या बारीक नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन लवचिक पट्ट्या असतात. चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना टेकतात, दूर गेला की सुटतात. याला रीड स्विच म्हणतात. प्रत्येक टेकण्यासरशी मीटर चाकाचा एक फेरा धरतो आणि आपण आधी भरून ठेवलेला परिघाचा आकडा एकूण अंतरात मिळवतो. तो आकडा सायकलच्या चाकाचा आहे, बैलगाडीच्या चाकाचा आहे की ८० मिलिमीटरच्या लाकडी चाकाचा, हे मीटरला कळत नाही. आपल्या मोजणीचा सगळा पाया या एका गोष्टीवर उभा आहे.

मीटर निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तो वायरचा असावा. बिनवायरीचे मीटर झोपी गेले की सेन्सरचा संदेश लगेच पकडतीलच असे नाही, आणि सुरुवातीचे काही फेरे हरवतात. जीपीएसवर चालणारे मीटर तर इथे पूर्णपणे निरुपयोगी आहेत, कारण यंत्र जागचे हलतच नाही. दुसरी, परिघाचा आकडा मिलिमीटरमध्ये स्वतः भरता यायला हवा. ज्यांत केवळ टायरच्या ठरावीक मापांतूनच निवड करावी लागते असे मीटर घेऊ नयेत. तिसरी, एका प्रवासाचे अंतर दोन दशांश स्थळांपर्यंत दिसावे आणि ते बटण दाबून शून्य करता यावे. अगदी साध्या, स्वस्त वायरच्या मीटरांतही हे सारे असते. जुन्या मीटरचा सेन्सर तुटला असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून सुटा रीड स्विच आणून त्याच दोन वायरींना डाक देऊन जोडावा. कोणती वायर कोणत्या टोकाला याने फरक पडत नाही. काचेची नळी मात्र नाजूक असते. तिच्या टोकांच्या तारा वाकवताना काचेला लागून वाकवल्या तर काच तडकते, म्हणून काचेजवळचा भाग पकडीत धरून पलीकडची तार वाकवावी.

चाक

साऱ्या यंत्राची अचूकता चाकावर ठरते, म्हणून त्यात कसर करू नये. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळणी सर्वांना ठाऊक आहेत. त्या भागात लाकूड लेथवर कातणारा कारागीर अजूनही सापडतो, आणि असे चाक त्याच्यासाठी थोड्या वेळाचे काम असते. लाकूड शिवण किंवा सागवान असे, नीट वाळलेले घ्यावे. ओलसर लाकूड वाळताना सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही, त्यामुळे आज गोल कातलेले चाक काही महिन्यांत किंचित लांबट होते. कातून झाल्यावर सर्व बाजूंनी लाख किंवा व्हार्निश चढवावे, म्हणजे पावसाळ्यात ते फुगणार नाही.

चाकाची एकूण जाडी २० मिलिमीटर ठेवावी. मधल्या १० मिलिमीटरमध्ये सपाट तळाची खाच घ्यावी आणि दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर उंचीचे काठ राहू द्यावेत. खाचेच्या तळाचा व्यास ७८ मिलिमीटर असावा. तळ सपाटच हवा, विहिरीच्या कप्पीसारखा निमुळता नको. निमुळत्या खाचेत बारीक दोरा खोल बसतो आणि जाड दोरा वर तरंगतो, त्यामुळे प्रत्येक दोऱ्यासाठी परीघ निराळा होतो आणि तो मोजणेही अवघड जाते. सपाट तळावरही जाडीप्रमाणे परीघ बदलतोच, पण तो हिशेबाने काढता येतो.

तळावर स्कूटरच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली १० मिलिमीटर रुंदीची रबराची कडी ताणून बसवावी. सायकलची ट्यूब या व्यासाला फार ताणावी लागते आणि कालांतराने चिरते. साधारण एक मिलिमीटर जाडीच्या रबराने चाकाचा कामाचा व्यास ८० मिलिमीटर होतो, म्हणजे परीघ सुमारे २५१ मिलिमीटर. गुळगुळीत लाकडावर नायलॉनचे सूत आणि तंगूस (मासेमारीचा एकतंतू नायलॉनचा दोरा) हमखास घसरतात. रबरावर तीच दोरी चाकाला सोबत घेऊन फिरते.

चाकाच्या दोन्ही बाजूंना ६०८ क्रमांकाचे एकेक बेअरिंग बसवावे. स्केटिंगच्या चाकांत असते तेच हे, आतला व्यास ८ मिलिमीटर, बाहेरचा २२ आणि जाडी ७, त्यामुळे ते कुठेही आणि स्वस्तात मिळते. आसासाठी ८ मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा बोल्ट घ्यावा. नव्या बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस भरलेले असते. सुंभ ओढताना ते जाणवत नाही, पण क्रोशाचा बारीक दोरा त्या ग्रीसच्या विरोधानेच घसरू लागतो. बारीक दोरे मोजायचे असतील तर बेअरिंगचे झाकण काढून ग्रीस रॉकेलने धुवावे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. बोटाने हलकेच ढकलल्यावर चाक बराच वेळ निःशब्द फिरत राहिले तर ते योग्य झाले असे समजावे.

चुंबक चाकाच्या बाजूच्या सपाट चेहऱ्यावर, मध्यापासून २८ मिलिमीटर अंतरावर, छोटे भोक पाडून त्यात चिकटवावा. मीटरसोबत येणारा प्लॅस्टिकच्या आवरणातला चुंबक चालतो. नसेल तर काळ्या फेराइटचा छोटा चुंबक घ्यावा. चकाकणारे निओडिमियम चुंबक ताकदवान असतात खरे, पण त्यांचा निकेलचा मुलामा एकदा खरवडला गेला की खाऱ्या हवेत ते आतून भुगा होऊ लागतात. चुंबकाच्या अगदी समोर, तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच वजनाचा पितळेचा तुकडा बसवून चाकाचा तोल साधावा.

तोल कितीही साधला तरी थोडी तफावत राहतेच, आणि चुंबकाची बाजू जड असेल तर चाक थांबताना चुंबक खाली येऊन मागेपुढे झुलतो. सेन्सर तळाला लावलेला असेल तर हे प्रत्येक झुलणे एक फेरा म्हणून मोजले जाते आणि दोरा जागचा हलला नसतानाही मीटर पुढे जातो. म्हणून सेन्सर नेहमी चाकाच्या वरच्या बाजूला लावावा. चुंबक आणि सेन्सर यांतले अंतर तीनेक मिलिमीटर असावे. फार जवळ असले तर काही सेन्सर एकाच फेऱ्यात दोनदा टेकतात. फार लांब असले तर मधूनच एखादा फेरा चुकतो. चाक हाताने सावकाश दहा वेळा फिरवावे आणि मीटरने बरोबर दहाच फेरे धरले याची खात्री करावी. शांत खोलीत सेन्सरला कान लावला तर प्रत्येक फेऱ्याला अगदी बारीक टिकटिक ऐकू येते. एका फेऱ्याला दोन टिक ऐकू आल्या तर सेन्सर थोडा मागे सरकवावा किंवा त्याच्याच जागी किंचित फिरवून पाहावा.

मीटरमध्ये भरायचा आकडा

इथे एक अडचण येते आणि तिचा उपाय सोपा आहे. सायकलचा मीटर अंतर किलोमीटरमध्ये दाखवतो आणि दोन दशांश स्थळांवर थांबतो, म्हणजे त्याची सर्वांत लहान पायरी १० मीटरची असते. सायकलस्वाराला ती पुरते, पण ८० मीटरचा लोकरीचा गुंडा मोजणाऱ्याला ती अजिबात उपयोगाची नाही. म्हणून परीघ भरताना खऱ्या परिघाच्या दहापट आकडा भरावा. चाकाचा परीघ २५३ मिलिमीटर असेल तर मीटरमध्ये २५३० भरावे. मग एक मीटर दोरा गेला की मीटर तो दहा मीटर समजतो आणि पडद्यावर ०.०१ दिसते. दशांश चिन्हाकडे दुर्लक्ष केले की पडद्यावरचा आकडा थेट मीटरमध्ये वाचता येतो: ०.३७ म्हणजे ३७ मीटर, १.०० म्हणजे १०० मीटर, १२.५० म्हणजे १,२५० मीटर.

चाकाचा व्यास ८० मिलिमीटर ठेवण्यामागचे कारणही हेच. कित्येक मीटरांत ३९९९ पेक्षा मोठा परीघ भरता येत नाही; अडीचशे मिलिमीटरच्या आसपासचा परीघ दहापट केला तरी त्या मर्यादेत आरामात बसतो. काही मीटर परीघ सेंटिमीटरमध्ये मागतात, तिथे २५३ भरावे. एकक मैल नसून किलोमीटर आहे हे आधीच पाहून घ्यावे, कारण काही मीटरांत ती निवड अगदी पहिल्या पडद्यावर येते आणि नंतर सहज सापडत नाही.

दहापटीचा आणखी एक परिणाम असा की मीटरवर दिसणारा वेगही दहापट असतो. सेकंदाला एक मीटर या गतीने दोरा ओढला, तर खरा वेग ताशी ३.६ किलोमीटर असतो आणि पडद्यावर ३६ दिसते. बहुतेक साध्या मीटरांची वेगाची कमाल मर्यादा ९९.९ असते आणि त्या पलीकडे मोजणी भरवशाची राहत नाही. माझ्या मते पडद्यावरचा वेग २० ते ३० यांच्या दरम्यान ठेवणे सर्वांत चांगले. त्या गतीने १०० मीटर दोरा अडीच मिनिटांच्या आसपास निघतो, दोरा चाकावर शांत राहतो आणि हातही दमत नाही. सायकलवर निव्वळ हौसेने पाहिला जाणारा वेगाचा आकडा इथे ताण सारखा ठेवण्याचे साधन होतो, आणि हा लाभ कोणत्याही यांत्रिक काउंटरमध्ये नाही.

आता तो २५३ कुठून आला ते पाहू. व्यासावरून काढलेला परीघ केवळ अंदाजापुरता असतो. दोरा चाकावरून जाताना त्याची लांबी त्याच्या मध्यरेषेवर मोजली जाते, चाकाच्या पृष्ठभागावर नव्हे. म्हणून कामाचा व्यास म्हणजे चाकाचा व्यास अधिक दोऱ्याची जाडी. ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोऱ्याला ८०.६ गुणिले ३.१४१६, म्हणजे २५३ मिलिमीटर मिळतात. दोन मिलिमीटरच्या लोकरीला २५७.६ मिळतात. सहा मिलिमीटरच्या सुंभाला तर २७० मिळतात, म्हणजे नुसत्या चाकाच्या परिघापेक्षा सुमारे साडेसात टक्के जास्त. हा फरक धरला नाही तर प्रत्येक १०० मीटर सुंभामागे मीटर सातेक मीटर कमी दाखवील.

हिशेबाने काढलेल्या आकड्याची प्रत्यक्ष पडताळणी केलीच पाहिजे. पडवीत किंवा अंगणात पोलादी टेपने बरोबर पाच मीटर अंतर मोजून दोन खिळे ठोकावेत. जो दोरा मोजायचा आहे तोच, नेहमीच्या ताणाने, एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत आणि परत असा न्यावा आणि १० मीटरच्या दोन्ही टोकांना रंगीत धाग्याची खूण बांधावी. चाकाच्या काठावर आधीच पेन्सिलने दहा सारखे भाग पाडून ठेवावेत. मग तो दोरा यंत्रातून सावकाश ओढत चाकाचे फेरे मोजावेत आणि शेवटच्या अपुऱ्या फेऱ्याचे दशांश काठावरच्या खुणांवरून वाचावेत. समजा ३९.५ फेरे झाले, तर १०,००० भागिले ३९.५, म्हणजे २५३.२ मिलिमीटर हा खरा परीघ, आणि मीटरमध्ये भरायचा आकडा २५३२. ही पडताळणी मीटरच्या पडद्यावरून करू नये. पडदा एका मीटरच्या पायऱ्यांनी चालतो, त्यामुळे १० मीटरवर तो दहा टक्क्यांपर्यंत फसवू शकतो. फेऱ्यांच्या दशांशावरून तीच चूक अर्ध्या टक्क्याच्याही आत येते.

दोऱ्याची वाट

साधारण ६० सेंटिमीटर लांबीच्या फळीवर मधोमध चाकाचा खांब उभा करावा. लोकर किंवा सूत लडीत असेल तर ती फाळक्यावर, म्हणजे लड उलगडण्याच्या फिरत्या चौकटीवर, चढवावी, गुंडा असेल तर तो रुंद डब्यात ठेवावा, म्हणजे तो घरभर धावणार नाही. फळीच्या एका टोकाला दोरा आत येण्याची कडी आणि दुसऱ्या टोकाला बाहेर जाण्याची कडी असावी. स्टेनलेसच्या तारेची डुकराच्या शेपटीसारखी वळवलेली कडी सर्वांत सोयीची, कारण दोरा तिच्यात बाजूने अडकवता येतो, ओवावा लागत नाही. पलीकडे गुंडाळण्याचे यंत्र, असारी किंवा साधे हाताने फिरवायचे रीळ ठेवावे.

दोरा चाकाला नुसता स्पर्शून गेला तर तो घसरतो, म्हणून चाकाभोवती त्याचा एक पूर्ण वेढा द्यावा. पण वेढा दिला की आत येणारा आणि बाहेर जाणारा दोरा चाकाच्या तळावर शेजारी शेजारी येतात, आणि ते एकमेकांवर चढले तर आत येणारा दोरा बाहेर जाणाऱ्याखाली दबून चाक अडते. हे टाळण्यासाठी दोन्ही कड्या एका रेषेत लावू नयेत. आत येणारी कडी खाचेच्या डाव्या अंगाच्या रेषेत आणि बाहेर जाणारी उजव्या अंगाच्या रेषेत, म्हणजे एकमेकींपासून पाच-सहा मिलिमीटर सरकवून लावावी. चाक फिरू लागले की नीट पाहिले असता दोरा डावीकडून आत उतरताना, तळावर एक तिरका वळसा घेताना आणि उजवीकडून सुटताना स्पष्ट दिसतो. दोन पदरांमध्ये रबराची बारीक काळी फट सतत दिसत राहिली पाहिजे. ती फट मिटू लागली की हात थांबवून कडी किंचित बाहेर वाकवावी.

आत येणाऱ्या बाजूला थोडा ताण हवा, आणि तो सर्वकाळ सारखा हवा. कपड्यांच्या लाकडी चिमट्याच्या दोन्ही ओठांना जाड बनातीचे तुकडे चिकटवून तो चिमटा आतल्या कडीच्या आधी फळीवर बसवला तर पुरेसा ताण मिळतो. लोकर आणि ॲक्रिलिकच्या बाबतीत ताण अगदी हलका ठेवावा, कारण ही सुते ताणली जातात आणि मोजून झाल्यावर परत आखडतात. ताणून मोजलेले १०० मीटर टोपलीत पडल्यावर १०० मीटर राहत नाहीत. विणताना सूत बोटांवरून जितक्या सैलपणे जाते तितकाच ताण मोजतानाही ठेवावा, असा माझा आग्रह आहे. नायलॉनच्या आणि कापसाच्या पीळदार दोऱ्याला थोडा जास्त ताण चालतो.

थांबताना हात हळूहळू मंद करावा. एकदम थांबले तर चाक आपल्या वेगाने अर्धा-पाऊण फेरा पुढे जाते, दोऱ्याला झोळ पडतो आणि एखादा फेरा फुकट मोजला जातो. सुरुवात करताना आधी मीटरचे बटण दाबून पडदा जागा करावा, अंतर शून्य करावे आणि मगच ओढायला लागावे. मध्येच चहाला उठले आणि पडदा झोपला तरी साठलेले अंतर जात नाही, मात्र परतल्यावर पुन्हा बटण दाबूनच सुरू करावे, कारण काही मीटर जागे होताना पहिला फेरा गमावतात.

सुंभाचे वेगळे सांगायला हवे. सोडणांपासून, म्हणजे नारळाच्या सालांपासून, काढलेल्या काथ्याचा हाती वळलेला सुंभ सर्वत्र सारख्या जाडीचा नसतो. त्याचे केस रबराला अडकतात आणि तारेच्या कडीत भुसा साचतो. त्यासाठी शक्य तर दुसरे, रबराशिवायचे, १६० मिलिमीटर व्यासाचे चाक करावे. लाकडावर खरबरीत काथ्या घसरत नाही, आणि मोठ्या चाकावर जाडीचा परिणाम निम्म्यावर येतो: सहा मिलिमीटरच्या सुंभाने कामाचा व्यास साडेसात टक्क्यांऐवजी पावणेचारच टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे जाडी कमीजास्त झाली तरी चूक मर्यादेत राहते. या चाकाचा खरा परीघ पाचशे मिलिमीटरच्या पुढे जातो आणि दहापट केल्यावर ५२०० च्या आसपासचा आकडा भरावा लागतो. मीटर ३९९९ वर अडत असेल तर चाकावर समोरासमोर दोन चुंबक बसवावेत आणि निम्मा आकडा भरावा. मग दर अर्ध्या फेऱ्याला नोंद होते.

लांबी आणि वजन मिळून

लांबी खात्रीने मिळू लागली की वजनाचाही खरा उपयोग होतो. जाळ्याच्या नायलॉनच्या रिळावर २१०/२/३ असे आकडे छापलेले असतात. २१० हे मूळ तंतुसमूहाचे डेनियर, आणि २ गुणिले ३ म्हणजे असे सहा पदर पिळून तो दोरा झालेला आहे. डेनियर म्हणजे ९,००० मीटर लांबीचे ग्रॅममधले वजन. म्हणून या दोऱ्याचे एकूण डेनियर १,२६० आणि १०० मीटरचे वजन १४ ग्रॅम यायला हवे. पिळामुळे दोरा आखडतो, त्यामुळे प्रत्यक्षात ते त्याहून थोडे जास्त भरते. यंत्राने १०० मीटर मोजून घ्यावे, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलावे आणि ग्रॅमना ९० ने गुणावे. आलेला आकडा छापील आकड्यापेक्षा बराच कमी असेल तर तो दोरा सांगितला त्यापेक्षा बारीक आहे, आणि त्याने दुरुस्त केलेला भाग जाळ्यातला सर्वांत कच्चा ठरेल. नायलॉन कापसापेक्षा पुष्कळ कमी ओलावा धरते, त्यामुळे ही पारख पावसाळ्यातही करता येते. कापसाच्या दोऱ्यासाठी ती कोरड्या दिवसांत करावी.

लोकरीच्या बाबतीत याच रीतीने एका गुंड्याचे ग्रॅममागे किती मीटर हे एकदा काढून ठेवले की त्याच लोकरीच्या उरलेल्या तुकड्यांचा हिशेब काट्यावरच होतो. एखादी वस्तू विणून झाल्यावर तिला किती मीटर लागले हे वहीत नोंदवून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते; पुढच्या वेळी तीच वस्तू दुसऱ्या जाडीच्या सुतात करायची झाली तरी खरेदीचा अंदाज चुकत नाही.

एक गोष्ट बचत गटांतील बायकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. हे यंत्र घरच्या हिशेबासाठी आहे. वैधमापन कायदा, २००९ प्रमाणे विक्रीच्या व्यवहारात वापरायचे माप पडताळून त्यावर शासकीय मुद्रा घ्यावी लागते, आणि घरी केलेल्या यंत्राला ती नसते. गुंड्या करून विकायच्या असतील तर यंत्राने लांबी बसवावी, पण गिऱ्हाईकाला मोजून देताना शिक्का असलेली मीटरपट्टी किंवा काटाच वापरावा.

निगा

किनाऱ्यावर या यंत्राचे आयुष्य दोन जागी खुंटते: मीटरच्या बटण सेलखालच्या पातळ पत्र्यावर आणि सेन्सरच्या वायरीच्या जोडावर. दोन्हीवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवावा आणि डाक दिलेल्या जोडावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. यंत्र बरेच दिवस वापरायचे नसेल तर सेल काढून मीटर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावा. सेल काढल्यावर कित्येक मीटर भरलेला परीघ विसरतात, म्हणून प्रत्येक दोऱ्याचा आकडा फळीच्या मागच्या बाजूला लिहून त्यावर व्हार्निशचा हात द्यावा: क्रोशाचा दोरा २५३२, लोकर २५७६, आणि असेच पुढे. दोन सायकलींचे परीघ साठवणारा मीटर असेल तर सर्वाधिक लागणारे दोन आकडे त्यात भरून ठेवावेत.

रबर झिजते आणि उन्हाळ्यात कडकही होते. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, खुणा बांधून जपून ठेवलेला १० मीटरचा दोरा पुन्हा यंत्रातून ओढून फेरे मोजावेत. ३९.५ ऐवजी ४० फेरे भरले तर परीघ २५० झाला असे समजून मीटरमध्ये २५०० भरावे. ४० च्याही पुढे गेले तर रबराची कडी बदलावी.